चेन्नईला नेलेली वाळू

सुरुवातीलाच माफी मागतो. प्रवासाबद्दल लिहायचं तर माणूस थोडा तरी हिंडलेला असावा. मी आयुष्यात लांबचा असा एकच प्रवास केला, चेन्नईचा, तोही अकरा दिवसांचा. त्यातले निम्मे दिवस एका बंद खोलीत रबराच्या नळीत भरलेल्या वाळूकडे बघण्यात गेले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे अशा प्रवासातलं लोकांना काय सांगावं आणि काय सोडावं, हेही मला नीट कळत नाही. पण गावच्या वाचनालयाच्या अंकाला काहीतरी दे, असं गुरुजींनी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला लावणं बरं दिसलं नसतं.

मी २००७च्या जानेवारीत गेलो. तेव्हा मी एम.ई.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि माझा विषय होता वाळू. वाळूत शिकण्यासारखं काय असतं, असं गावात पुष्कळांनी विचारलं, म्हणून थोडक्यात सांगतो. समुद्रकाठी ओल्या वाळूवर उभं राहून पाय भराभर आपटले की पायाखालची वाळू मऊ पडते आणि आपण घोट्यापर्यंत रुततो. भूकंपात हेच मोठ्या प्रमाणावर होतं. दाण्यांच्या मधल्या फटींत पाणी भरलेलं असतं, हादऱ्यांनी त्याचा दाब वाढत जातो आणि दाणे एकमेकांना सोडतात. मग जमीन घटकाभर पाण्यासारखी वागते आणि वरचं घर कलतं. दाणा बारीक असला तर हे लवकर होतं का, आणि जाड असला तर किती उशिरा, एवढंच मला मोजायचं होतं.

मोजायचं यंत्र आमच्या कॉलेजात नव्हतं. आमच्या सरांनी ओळखीने चेन्नईच्या एका प्रयोगशाळेत मला सहा दिवस मिळवून दिले, सोमवार ते शनिवार. रविवारपासून पोंगलची सुट्टी, त्यानंतर यंत्र दुसऱ्यांना दिलेलं. सर एप्रिलअखेर निवृत्त होणार होते. त्याआधी माझं काम पुरं झालं नाही तर नवे सर, नवा विषय आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. म्हणजे जे काही व्हायचं ते त्या सहा दिवसांतच.

सेंट्रल ते पेरुंगुडी

गाडीतल्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. माझ्याजवळ कपड्यांची एक बॅग आणि पांढऱ्या मांजरपाटाच्या तीन पिशव्या होत्या, प्रत्येकीत चार किलो वाळू. आमच्या कणकवलीकडे पांढरी सिलिका वाळू निघते. माझे बाबा तिथल्या एका खाणीवर वाळू धुण्याच्या हौदावर काम करतात. ही वाळू त्यांनी आणि मी मिळून चाळली होती. एका पिशवीत जाड, दुसरीत मध्यम आणि तिसरीत बारीक.

सेंट्रल स्टेशनच्या दारात पोलिसाने अडवलं. त्याने एका पिशवीत हात घातला, दाणे बोटांत चोळले आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला उगाचच गुन्हा केल्यासारखं वाटलं. मी इंग्रजीत "सँड, सर, फॉर एक्झाम" म्हणालो. त्याने शेजारच्या हमालाला तमिळमध्ये काहीतरी सांगितलं आणि दोघं पोट धरून हसले. सोडलं मात्र लगेच.

मी राहणार होतो रावकाकांकडे. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, सरांच्या जुन्या ओळखीचे. त्यांचं घराणं तंजावरकडचं, कित्येक पिढ्या तिकडेच गेलेल्या, पण घरात अजून मराठी. शहराच्या दक्षिणेला, पेरुंगुडीला नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. समोरचा मोठा रस्ता तेव्हा रुंदीकरणासाठी उकरून ठेवलेला. मुलगा शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये होता, पण कंपनीने त्याला सहा महिने परदेशी पाठवलेलं. म्हणून त्याची खोली मला मिळाली.

काकांची मराठी कानाला आधी परकी वाटली. शब्द आमचेच, पण हेल तमिळ, आणि मधूनच एखादा असा शब्द जो मी पोथीत वाचला असेल पण बोलताना कधी ऐकला नाही. 'सगळं' याला ते 'अस्कं' म्हणत.

"अस्कं सामान हेच का?" त्यांनी पिशव्या उचलून बघितल्या. "यात काय रे, दगड?"

"वाळू."

"वाळू! आमच्या समुद्राला कमी पडली म्हणून आणलास?"

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. लहान चणीच्या, नऊवारी नाही तर आपली साधी सहावारी, केसांत ताजा मोगरा. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी पिशव्यांकडे पाहून कपाळाला आठी घातली.

"बाळा, घरात वाळू नको पा. पायाला लागते, मग अंथरुणात येते. बाहेर चपलांच्या फळीवर ठेव. कोणी नेत नाही."

मला ते बरोबर वाटलं. आमच्या घरीही आई हेच म्हणाली असती. दाराबाहेर चपलांची फळी होती, तिच्यावर एक पत्र्याचा डबा होता. त्याच्या शेजारी मी तिन्ही पिशव्या ओळीने लावल्या.

त्या रात्री जेवायला भात, सांबार आणि डांगर पचडी होती. डांगर म्हटल्यावर माझे डोळे चमकले असावेत. आमच्याकडे उडदाचं भाजलेलं पीठ ताकात कालवून वर कांदा घालतात. इथे दह्यात, कांदा नाही, वरून मोहरीची फोडणी. मी तीनदा घेतलं. काकू काकांना म्हणाल्या, "बघा, आपलं जेवण विसरले नाहीत तिकडे." मला गंमत वाटली. मी समजत होतो की आपलं जेवण तेच विसरले नाहीत.

प्रयोगशाळा

प्रयोगशाळेत दोघांशी माझा संबंध आला. एक मॅडम, ज्यांच्या ताब्यात ते यंत्र होतं. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, चष्मा दोरीने गळ्यात. दुसरा सेल्वम, यंत्र चालवणारा. तो मला पहिल्या क्षणापासून 'तंबी' म्हणजे धाकटा भाऊ म्हणू लागला. आमचं बोलणं माझ्या तोडक्या आणि त्याच्या तोडक्या इंग्रजीत. उरलेलं हातवाऱ्यांनी.

काम असं. पातळ रबराच्या नळीत वाळू भरून दंडगोल उभा करायचा, मुठीत मावेल एवढ्या जाडीचा. तो काचेच्या भांड्यात ठेवून चहूबाजूंनी पाण्याचा दाब द्यायचा. वाळूतली सगळी हवा काढून तिथे पाणी भरायचं. याला जवळजवळ दिवस जातो, कारण एक बुडबुडा राहिला तरी आकडे खोटे. मग यंत्र त्या दंडगोलाला वरून दाबतं, सोडतं, दाबतं, सोडतं. कितव्या फेरीला वाळू हार मानते, ते लिहून घ्यायचं.

सोमवारी जाड वाळू भरताना माझ्या नखाने रबर फाटलं. मला कळलंच नाही. सेल्वमने पाणी सोडलं आणि ते बाजूने ठिबकू लागलं. पूर्ण दिवस वाया. मी सॉरी, सॉरी म्हणत राहिलो. तो खिशातून नेलकटर काढून माझ्या हातात देत म्हणाला, "तंबी, सॉरी नो. कटिंग."

मंगळवारी नखं कापून गेलो. जाड वाळूने दम काढला. फेऱ्या वाढत गेल्या, पाण्याचा दाब हळूहळू चढत गेला, आणि ती ढासळली तेव्हा सेल्वमचा चहा थंड झालेला होता. मी खूश झालो. जाड दाणा मजबूत, असंच तर मला सिद्ध करायचं होतं. मॅडमनी आलेख पाहिला आणि विचारलं, "यातलं वाळूचं किती आणि रबराचं किती?"

मला प्रश्न कळला नाही. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. जाड दाण्यांच्या मधे बाहेरच्या अंगाला खळगे मोठे असतात. बाहेरून दाब दिला की रबर त्या खळग्यांत थोडं आत शिरतं. आतल्या पाण्याचा दाब वाढू लागला की ते परत बाहेर येतं, पाण्याला तेवढी जागा मिळते आणि दाब उशिरा चढतो. म्हणजे जाड वाळू खरी आहे त्यापेक्षा जास्त मजबूत दिसते. बारीक वाळूत खळगे लहान, त्यामुळे ही फसवणूक जवळजवळ नसते.

"म्हणून तुझी बारीक वाळू महत्त्वाची," त्या म्हणाल्या. "तिचा आकडा सगळ्यांत स्वच्छ येईल. बाकीच्यांना तिच्याशी ताडून बघू."

बुधवारी मध्यम वाळू झाली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार हे तीनही दिवस बारीक वाळूसाठी ठेवले. मी निश्चिंत मनाने परत आलो. येताना बसमधून उतरून कोपऱ्यावर एक कॉफी घेतली, स्टीलच्या पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात ओतत. निम्मी शर्टावर सांडली. तरीही आनंदात होतो.

गुरुवारची सकाळ

तेव्हा तमिळ लोकांचा मार्गळी महिना चालू होता. या महिन्यात तिथल्या बायका उजाडायच्या आत उठून दारापुढे मोठमोठे कोलम काढतात. कोलम म्हणजे आपली रांगोळीच, पण आधी ठिपके आणि मग त्यांच्याभोवतीने एकच रेघ फिरवत न्यायची, कुठेही न तोडता. आमच्याकडे दिवाळीला ताई रांगोळीत रंग भरते. काकू म्हणत, रंग काय कोणीही भरेल, रेघ धरता आली पाहिजे. त्यांचा कोलम तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या समोर, फरशीवर असे. शेजारच्या दारापर्यंत जाई आणि शेजारीण तक्रार करत नसे. त्याची पांढरी पूड, म्हणजे कोलमाव, चपलांच्या फळीवरच्या त्या पत्र्याच्या डब्यात असे.

गुरुवारी मी जेवणाचा डबा घेऊन बाहेर पडलो तो कोलम पाहून थबकलो. रोजच्यापेक्षा सुंदर होता. रेघ बारीक, एकसारखी, आणि ट्यूबच्या उजेडात चमकत होती. सिलिका चमकते तशी.

मी चपलांच्या फळीकडे पाहिलं. जाड आणि मध्यम वाळूच्या पिशव्या मी प्रयोगशाळेत नेल्या होत्या; उरलेल्या तिसऱ्या पिशवीचं तोंड उघडं होतं.

काकू आतून हसतच आल्या. "कसा झाला? कोलमाव संपला होता, ह्यांना चार दिवस सांगत होते. आणले आणि सांगितलंही नाही, फळीवर ठेवून दिले. इतका छान कोलमाव मी मयिलापूरच्या देवळापुढेही पाहिला नाही."

"काकू," मी म्हणालो, "ती माझी वाळू आहे."

त्यांचा हात तोंडावर गेला. "तुझी अस्की वाळू तू तिकडे नेलीस असं वाटलं मला." पण खरी गोष्ट पुढेच होती. मी पिशवीत हात घातला तर बोटांना काहीतरी मऊ, पिठूळ लागलं.

"यात काय घातलंत?"

"तांदळाचं पीठ," त्या अगदी हळू म्हणाल्या. "दोन मुठी. अस्क्या पिशवीत कालवून ठेवले. नुसती दगडाची भुकटी टाकून मुंग्यांना काय मिळणार? कोलम घालायचा तो त्यांनी खावा म्हणून."

मी चपलांच्या फळीवरच बसलो. कोलमात गेलेली वाळू गेली, ती फार नव्हती. पण सबंध पिशवीत पीठ. पीठ पाण्यात फुगतं, चिकटतं, दाण्यांच्या फटी बुजवतं. त्या वाळूचा कुठलाही आकडा माझ्या उपयोगाचा नव्हता. गावाहून दुसरी मागवायची तर पोंगल उलटून जाणार.

रावकाका बनियनवर बाहेर आले, सगळं ऐकलं आणि बायकोवर नाही तर स्वतःवर चिडले. "मी वेळेवर आणलो असतो तर हे झालं नसतं. चल, धुऊ या. वाळू धुतात की नाही?"

धुतात, हे मला आधी सुचायला हवं होतं. माझे बाबा गेली वीस वर्षं तेच करतात. पण मी इतका गांगरलो होतो की सेल्वमला फोन करून सांगितलं, पोट बिघडलंय, आज येत नाही. तो म्हणाला, "कर्ड राइस, तंबी. ओन्ली कर्ड राइस." त्याच्या काळजीने मला आणखीच लाज वाटली.

मी न्हाणीघरात बादली घेऊन गीझर लावला. काकू धावत आल्या.

"अय्यो, गरम पाणी नको! पीठ शिजेल. कांजी होऊन बसेल, मग सात जन्मांत निघणार नाही."

ते अगदी खरं होतं. मी इंजिनिअर होऊन ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मग काकांनी मला बाबांना फोन लावायला लावला. खाणीवरच्या ऑफिसात फोन होता, बाबांना बोलवायला पाच मिनिटं लागली.

"काय रे, बरो आसस मा?"

मी सगळं सांगितलं. मग त्यांचं हसू ऐकू आलं. "रांगोळी घातली त्येची? बरी दिसली काय?"

"बाबा, हसू नका."

"बरां, ऐक. थंड पाणी घी. ढवळ, आनि धा आकडे मोज. तवसर वाळू तळाक बसता. पीठ हलक्या, ता वरच रवता. मगे बालदी कलती कर नि वरचा पाणी हळू सोड. घाई करशीत तर वाळू पण जाईत. पाणी निवळ होयसर करीत रव. भियाव नको."

आम्ही तिघं मिळून बसलो. मी ढवळायचो, काका मोठ्याने तमिळमध्ये दहापर्यंत मोजायचे, काकू बादली कलती करायच्या. त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. तांदूळ धुऊन धुऊन बसलेला. पाणी आधी ताकासारखं, मग धुरकट, मग निवळ. पण डोळ्यांना निवळ दिसणं पुरेसं नव्हतं. शाळेतलं आठवलं, की पिठावर आयोडीन टाकलं तर निळं होतं. काकूंच्या औषधांच्या डब्यात टिंक्चर आयोडीनची बाटली होती. एका वाटीत थोडी वाळू घेऊन थेंब टाकला. निळं. पुन्हा धुतली. फिकं निळं. दुपारपर्यंत आम्ही तेच करत होतो. शेवटी थेंब टाकला तो तपकिरीच राहिला, आणि काकूंनी देवाकडे तोंड करून हात जोडले.

वाळू गच्चीवर चादरीवर वाळवली. काका छत्री घेऊन कावळे हाकलत बसले.

शुक्रवार आणि शनिवार

संध्याकाळी जेवताना प्रश्न निघाला, मॅडमना सांगायचं का.

"स्वच्छ झाली ना? मग कशाला सांगतोस?" काका म्हणाले. "मोठी माणसं उगाच शंका काढतात."

"तुम्ही रेल्वेत असंच करत होता वाटतं," काकू म्हणाल्या.

काकांनी ताटात आणखी भात वाढून घेतला.

मला झोप नीट लागली नाही. धुताना पिठाबरोबर वाळूचे सगळ्यांत बारीक दाणेही थोडे वाहून गेले असणार, हे मला माहीत होतं. विषयच दाण्याच्या आकाराचा. तेच बदललं असेल तर मी मोजणार काय?

शुक्रवारी सकाळी मॅडमच्या टेबलापुढे उभा राहून मी सगळं सांगितलं. कोलम, पीठ, आयोडीन, आणि पोट बिघडलं नव्हतं हेही. त्यांनी चष्मा काढून गळ्यात सोडला. मग त्यांनी सेल्वमला हाक मारली आणि त्याला तमिळमध्ये सांगितलं. तो भिंतीला टेकून हसला. मॅडम हसल्या नाहीत, पण ओठ दाबून धरले होते.

"किती वेळा धुतलीस?"

"मोजलं नाही, मॅडम."

"मोजायला हवं होतं. आधी पुन्हा चाळून घे."

चाळली. मग त्या म्हणाल्या, "चाचणी कर. पण अहवालात मी लिहीन की ही वाळू धुतलेली आहे. गावी गेल्यावर त्याच ढिगातली न धुतलेली दोन किलो मला पाठव. यंत्र मोकळं मिळालं तर मी एक चाचणी करीन. दोन्ही जुळल्या तर तुझे आकडे ठेव. नाही जुळल्या तर बारीक वाळू तुझ्या प्रबंधातून काढायची. चालेल?"

चालेल म्हणण्याशिवाय माझ्याकडे काय होतं? पण खोटं बोलल्याचं ओझं होतं ते उतरलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी सेल्वमबरोबर पोटभर जेवलो.

शुक्रवारी आणि शनिवारी बारीक वाळूच्या दोन चाचण्या झाल्या. पहिल्या काही फेऱ्यांत तिला काहीच झालं नाही. मग पाण्याच्या दाबाची रेघ उडी मारून वर गेली, आणि नवव्या फेरीत उभा दंडगोल मधेच फुगून खाली बसला, उभ्या माणसाचे गुडघे जावेत तसा. शनिवारीही नववी फेरी. सेल्वमने माझ्या पाठीवर थाप मारली. मॅडमनी वहीत आकडा लिहिला आणि त्याच्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.

निघताना

रविवारी भोगीला तिथे जुन्या वस्तू दारात जाळतात. सकाळभर पेरुंगुडीवर धूर होता. सोमवारी पोंगल. काकूंनी नव्या तांदळाचा गोड भात उतू जाऊ दिला आणि आम्ही तो उतू जाताना 'पोंगलो पोंगल' ओरडलो. आमच्याकडे दूध उतू गेलं तर आई ओरडते, इथे मुद्दाम जाऊ देतात. दुपारी काका मला बेसंट नगरच्या किनाऱ्यावर घेऊन गेले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पासष्ट वर्षांचे काका ओल्या वाळूवर पाय आपटत राहिले आणि रुतल्यावर लोकांना तमिळमध्ये माझा विषय समजावू लागले. चार-पाच पोरंही पाय आपटू लागली.

मंगळवारी निघताना काकूंनी पुळियोदरै, म्हणजे चिंचेचा भात, बांधून दिला आणि म्हणाल्या, "माझ्यामुळे तुझं वर्ष गेलं तर मला कळव. लपवू नको."

मी कळवीन म्हणालो. पण गाडीत मी एकच ठरवत होतो, की तसं झालं तर त्यांना काय खोटं सांगायचं.

गावी आल्या आल्या बाबांनी आणि मी त्याच ढिगातली वाळू चाळली. न धुता. दोन किलोचं पार्सल पाठवलं. फेब्रुवारी गेला. मार्च लागला. मी जाड आणि मध्यम वाळूचं प्रकरण लिहून काढलं, रबराची सूट धरून. बारीक वाळूची पानं कोरी ठेवली. सर रोज विचारत नसत, ते मला रोज विचारल्यापेक्षा कठीण जाई.

मार्चच्या मध्यावर एका दुपारी सरांनी मला वर्गातून बाहेर बोलावलं. हातात मॅडमच्या ईमेलची छापलेली प्रत होती. त्यांनी ती मला न देता स्वतःच वाचून दाखवली, सावकाश, मराठीत करत: "यंत्र मोकळं मिळायला उशीर झाला. न धुतलेल्या वाळूची चाचणी काल केली. ती दहाव्या फेरीत बसली. एका फेरीचा फरक आमच्या यंत्रातही पडतो. प्रश्नचिन्ह खोडलं आहे. मुलाला सांगा, बारीक वाळू ठेव."